टेक इनचे अर्थ

"आज टेक इन," मॅडमनी फळ्यावर लिहिलं.

इंग्रजीला मी घाबरत नाही. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते, सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजी बोलता यायला हवं, म्हणून कंपनीने पाळी सुटल्यावर ठेवलेल्या या वर्गाला इमानेइतबारे बसते. भीती होती ती पुढच्या बाकावरच्या धाकट्या दिराची. हा पॅकिंगला आहे. नात्याने भाऊजी म्हणायचं, नाहीतर माझ्याकडे दुसरा शब्द आहे. त्याचा मार खाऊन खाऊन त्याची बायको, माझी जाऊ, गेल्या आठवड्यात घरातून निघाली ती थेट आमच्याकडे. आम्ही नवराबायकोने तिला आतल्या खोलीत लपवलंय. तो विचारायला आला तेव्हा मी तोंडावर साफ खोटं बोलले आणि त्याला पटलं. "सापडू दे, मग बघतो," म्हणाला. त्या 'बघतो'ने माझी झोप उडालीय.

मॅडमची पद्धत अशी, की एका शब्दाचे जेवढे अर्थ तेवढी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य आपल्या आयुष्यातलं, खरं. मग त्या खोदून खोदून विचारतात, म्हणजे माणूस बोलता होतो. रंगखात्यातल्या बाईने फसल्याचा अर्थ सांगितला. कुणीतरी तिला मोबाईलच्या खोक्यात साबणाची वडी विकली होती. वर्ग हसला. गोदामातले काका म्हणाले, मॅडम भराभर बोलल्या की मला काही टेक इन होत नाही, डोक्यात शिरत नाही.

"आता तिसरा अर्थ," मॅडम म्हणाल्या. "कुणाला घरात आसरा देणं. कुणी दिलाय?" आणि नेमकं माझ्याकडे पाहिलं.

मी घाईघाईने चौथा अर्थ पकडला, तो माझ्या हातातला. "आय टुक इन अ ड्रेस." सैल झालेला ड्रेस आत घेतला. सुटले बाई, असं वाटलं.

"व्हेरी गुड! कसा ड्रेस? काय काय केलं?"

शिवणाचं विचारलं की मला थांबता येत नाही. एरवी अडखळणारी मी इंग्रजीत घडाघडा बोलत सुटले. हिरवा ड्रेस. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घेतला, कारण ती फार वाळलीय. बाहीचं बटण कुणीतरी कापडासकट ओढून काढलेलं. तिथे आतून तुकडा लावला आणि काळं बटण शिवलं, हिरवं मिळालं नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी खूश, मूर्खासारखी.

समोरची मान सावकाश वळली. तो रागाने बघत नव्हता. हरवलेली किल्ली सापडल्यावर माणूस बघतो तसा बघत होता. ते बटण त्यानेच ओढलं होतं.

"छान बोललात, वहिनी," तो म्हणाला. मॅडमना घरी काम निघाल्याचं सांगून, पिशवी उचलून बाहेर पडला.

खाली त्याची मोटारसायकल सुरू झाली. घाईत घरचा नंबर दोनदा चुकला. नवरा कामावर, घरी ती एकटी. मी जिना धावत उतरले, कानाला फोन. तिकडे घंटा वाजत होती, वाजतच राहिली. कुणाचाही फोन आला तरी उचलू नकोस, हे मीच तिला बजावलं होतं.