पानावरचं दुसरं नाव

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. संगणकाला काय शोधायचं ते सांगणाऱ्या शोधसूत्राच्या अगदी शेवटी, तिरक्या रेघेपलीकडे बसणारा मी एक जुना पर्याय. दिसायला एकच अक्षर, ‘जी’. प्रोग्रॅम मजकुरात काही शोधायला निघाला की मी त्याला बजावतो, बाबा रे, एक सापडलं म्हणून थांबू नकोस, असतील तेवढी सगळी आण. मला भावंडंही आहेत. त्यांतलं एक इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही. आम्ही नसलो तरी सूत्र चालतं, हेच आमचं दुखणं आहे.

बंदराच्या कचेरीत उतारूंच्या जुन्या नोंदवह्या संगणकात उतरवल्या, तेव्हा तिथल्या प्रोग्रॅमर काकांनी मला कामाला लावलं. माझं काय कौतुक करायचे ते! पण खिडकीवरचे कारकून वैतागले. एकेका नावाला दोनशे ओळी यायच्या आणि मागे रांग खोळंबायची. एका पानावरचं एकच नाव दाखवा, असा त्यांनी तगादा लावला. शेवटी काकांनी नवी ओळ लिहिली आणि माझी ओळ नुसतं वाचायचं, न चालणारं टिपण म्हणून वर ठेवून दिली. रांग भरभर सरकू लागली. मी तिथे नऊ वर्षं पडून होतो.

एक आजी दर सोमवारी खिडकीशी यायच्या. त्यांचा धाकटा भाऊ सत्ताविसाव्या वर्षी बोटीने कामाला गेला होता. तो परत उतरला का, एवढंच त्यांना हवं होतं. कारकून नाव टाकायचे. एका पानावर त्या नावाचे साठीचे गृहस्थ सापडायचे. हे तुमचे भाऊ नाहीत, असं कारकून हळूच सांगायचे. माझा जीव नुसता तळमळायचा. पानाच्या तळाशी काय आहे ते मला दिसत नव्हतं, पण तिथवर कोणी गेलंच नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

काका निवृत्त झाले. नव्या प्रोग्रॅमर ताईंनी जुनी टिपणं वाचली आणि मला जागेवर बसवलं. पुढच्या सोमवारी मी ते पान तळापर्यंत चाळलं. चौदा ओळी खाली तेच नाव होतं, वय एकतीस. उतरला होता हो! ‘कोणाकडे जाणार’ या रकान्यात थोरल्या बहिणीकडे असं लिहून पत्ताही दिला होता.

कारकुनांनी पडदा आजींकडे वळवला. आजींनी उतरल्याची तारीख दोनदा वाचली.

“आदल्याच महिन्यात आम्ही घर बदललं होतं,” त्या म्हणाल्या. “चार गल्ल्या पलीकडे.”

कारकुनांना मान वर करवेना. आजींनी चष्मा पुसला.

“पुन्हा बोटीने गेला-आला असेल. अजून कुठे आहे का बघा.”

त्या अजून येतात. पुढच्या वर्षांच्या वह्या थोड्या थोड्या करून संगणकात येत आहेत आणि मी एकेक पान तळापर्यंत जातो. तो सापडावा, असं मला फार वाटतं. मित्रांनो, घाई असेल तेव्हा मला खुशाल काढा, मी रागावणार नाही. फक्त खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याआधी पान संपलंय का, तेवढं बघा.