रविवारचं हसू

माझी नणंद रविवारी सकाळी येते आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. औषधानं जाणारं दुखणं नव्हे हे. मी जळते. शब्द बरा नाही, पण दुसरा सापडत नाही आणि मी शोधतही नाही.

ती केस कापायच्या दुकानात काम करते. आठवडाभर लोकांची डोकी धुते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ठकूचं. ठकू माझी मुलगी, नऊ वर्षांची. जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली. मान आणि हातपाय तिचं ऐकत नाहीत, बोलता येत नाही. पण डोळ्यांनी ती कुणालाही वादात हरवेल. डोळे वर नेले की ‘हो’, घट्ट मिटले की ‘नाही’. ‘नाही’ म्हणायला तिला फार आवडतं.

मी घरीच शिवणकाम करते. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. ठकूची चाकांची खुर्ची माझ्या मशीनशेजारी असते. तोंडात टाचण्या धरून मी दिवसभर तिच्याशी बोलते, आणि दोऱ्याची दोन रिळं समोर धरली की ती डोळ्यांनी एक निवडते. मागे तिनं एका हेडमास्तरांच्या करड्या पँटीला जांभळा दोरा निवडला.

“नक्की?” डोळे वर.

“अगं, हेडमास्तर आहेत ते.” डोळे आणखी वर.

घातला मी. आतल्या बाजूला कोण बघतंय? तर ते मास्तर पँट उलटी करून तपासणाऱ्यांतले निघाले. मी उसवत बसले आणि ही बया शेजारी साय खाल्लेल्या मांजरीसारखी तृप्त. असे आमचे दिवस जातात, आणि मला ते आवडतात. सांगायला गेलं की लोक मान कलती करून “किती करता हो तुम्ही” म्हणतात, म्हणून कुणाला सांगत नाही.

माझी तक्रार फक्त हसण्याबद्दल आहे. मला मिळतं ते ओठांच्या कोपऱ्यातलं, गिऱ्हाइकाला सुटे परत करावेत तसं. नणंदेला मिळतं ते घाऊक. वारा लागतो म्हणून ती न्हाणीघराचं दार लावून घेते, नळ सोडते, आत काहीतरी पुटपुटते, आणि ठकू हसत सुटते. आंघोळीच्या खुर्चीच्या पट्टीवर टाचा आपटत, श्वास संपेपर्यंत, शेवटी उचकी. बाहेर मी कुणाची तरी बाही शिवत ते ऐकायचं. त्यात दर रविवारी माझी मापाची टेप नेमकी हरवते, म्हणजे चिडायला आणखी एक कारण.

घास मी भरवते. ती जेवताना हसली तर घास श्वासात जायची भीती. त्यापायी दोनदा दवाखाना गाठलाय, म्हणून मी सारखी म्हणते, “हसू नको, आधी गीळ.” व्यायाम मी घेते. हसली की तिचे पाय ताठरतात, म्हणून, “हसू नको, पाय सैल सोड.” रात्री उठून कूस मी बदलते. आणि रविवारी नणंद येऊन आयत्या बिळावर नागोबा. नवऱ्याकडे रडगाणं गायलं तर तो म्हणाला, “हसते ना? मग झालं तर.” त्याला काय कळणार!

मला ते टाचा आपटणारं हसू हवं होतं. माझ्यामुळे आलेलं. नाहीतर या घरात मी तिची आई की पगार नसलेली आया?

म्हणून बुधवारी मीच तिचे केस धुवायला घेतले. साबणाच्या फेसाची दाढी लावली. माकडासारखी तोंडं केली. एक गाणंही म्हटलं, मला जमत नाही तरी. ठकू माझ्याकडे बघत राहिली, नापास होणाऱ्या मुलाकडे बाई बघतात तशी, कीव करत. “आवडलं?” डोळे घट्ट मिटले. डोळ्यांत फेस गेला असेल म्हणून धुऊन पुन्हा विचारलं. पुन्हा मिटले. मी तिथेच पाटावर बसून रडले. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

रविवारी नणंद आली. “वहिनी, तू बस गं. आज तरी बस.” दार लागलं. नळ सुटला. पुटपुट सुरू झाली आणि लगेच टाचा. मी एका झग्याची किनार दुमडत होते, तोंडात टाचण्या. टेप अर्थातच गायब. तेवढ्यात दिसलं, टॉवेल बाहेरच राहिला होता. निमित्त मिळालं. टॉवेल उचलला आणि दार ढकललं.

नणंद माझ्याकडे पाठ करून उभी होती. गळ्यात माझी टेप, एक हात कमरेवर, दातांत केसांच्या पिना.

“हशू नको! आधी गीऽळ! पाय शैल शोड!” ती पिनांमधून दटावत होती. “आणि तुम्ही हो हेडमाश्तर, गुरुवारी म्हटलं ना? मग गुरुवारीच मिळेल!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इतके दिवस दाराआड माझीच थट्टा चालली होती!

“म्हाझी टेप!” मी ओरडले. माझ्याही तोंडात टाचण्या होत्या, त्या काढायचं राहून गेलं.

ठकूनं माझ्याकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. आणि ती फुटली. असं हसू मी दाराबाहेरूनही कधी ऐकलं नव्हतं. खुर्ची हलायला लागली. “अगं हशू नको, पडशील!” म्हणून मी धरायला धावले, तर ते दुप्पट झालं. तिच्या टाचा माझ्या पोटावर आपटत होत्या.

नणंदेनं दातांतल्या पिना काढल्या. तिचा चेहरा उतरला होता. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. दर रविवारी आरशात बघते मी.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी आठवडाभर नकला बसवते. तुला नुसतं चिडावं लागतं.”

मी टाचण्या काढल्या. ठकूच्या ओल्या डोक्यावर टॉवेल टाकला.

“मी अशी बोलते?” डोळे वर.

“रोज हसायला येतं?” वर.

“मग माझ्यासमोर का नाही हसत गं?”

याला हो-नाही नव्हतं. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मलाच उमगलं.

“मी नको म्हणते म्हणून?”

डोळे वर गेले ते बराच वेळ खाली आलेच नाहीत.

माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. घास श्वासात जातो तो जातोच. पण पोरगी माझंच ऐकून हसू साठवत होती आणि मी दुसरीला शिव्या घालत होते.

दुपारी नणंद जेवायला थांबली. मी ठकूला घास दिला. “हसू नको, आधी गीळ.” तिनं गिळला. तोंड रिकामं झालंय हे मी नीट पाहिलं. मग चमचा खाली ठेवला, मशीनवरच्या टाचण्या ओठांत धरल्या आणि कमरेवर हात ठेवला.

“आता हश.”

टाचा वाजायला लागल्या. जेवण निवून गेलं. समोर नणंद मान खाली घालून ताटातला घास चिवडत होती.

“पुढच्या रविवारी जमेलसं वाटत नाही मला,” ती म्हणाली.

“ये गुपचूप,” मी टाचण्यांतून म्हटलं. “टेप न्हाणीघरातच ठेवते.”