ओळखीचा तास

नवी माणसं टिकत का नाहीत, हा प्रश्न मोठ्या साहेबांनी तिच्या गळ्यात मारला होता. इस्पितळांच्या चादरी धुणारी ती लाँड्री. काम घामाचं, वास उग्र, पगार बरा. तरी माणूस सोमवारी यायचा आणि गुरुवारी गायब! "पहिल्या दिवसाचा कार्यक्रम नीट आखा," असं सांगून साहेब मोकळे झाले. त्यांचं काय जातंय म्हणा!

ती तिथली प्रशिक्षण अधिकारी. तिने कंबर कसली. साहेबांचं लांबलचक भाषण कापून पाच मिनिटांवर आणलं, आणि ते काम काही सोपं नव्हतं. नियमांची फिल्म अर्धी केली. आणि सगळ्यांत आधी घातला ओळखीचा तास. गोल करून बसायचं आणि आपण कोण, आधी काय करत होतो, ते प्रत्येकाने सांगायचं. या तासावर तिचा फार जीव. गळती थोडी कमीही झाली, पण थांबली काही नाही.

आणि या खेपेच्या नव्या माणसांत खुद्द तिचा नवरा होता.

छापखाना बंद पडल्यापासून तो घरीच. आधी चिडायचा, मग चिडेनासाही झाला, आणि तेच तिला जास्त जाचायला लागलं. इथे इस्त्रीच्या मशीनवर जागा निघाली तेव्हा तो कसाबसा तयार झाला. अट एकच: "मी तुझा कोण, हे तिथे कोणाला कळता कामा नये. बायकोने चिकटवला म्हणतील." तिने गळ्याशप्पथ कबूल केलं. मनातून मात्र ती धास्तावली होती. इथून उठून गेला, तर हा माणूस पुन्हा कुठल्याही दारात काम मागायला उभा राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तास झकास सुरू झाला. एकजण ड्रायव्हर होता, एकीने पाळणाघर चालवलं होतं. चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावरची जुनी बाई, जिला सगळे रेडिओ म्हणत, चहा देता देता प्रत्येकाला टोमणा मारून जात होती. मग त्याची पाळी आली.

तो खुर्चीतच जरा सरकला. "मी... घरीच असतो," एवढंच म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसलं. "चैन आहे बुवा!" रेडिओ म्हणाली.

झालं! तिचा जीव असा कळवळला की तोंडावर ताबाच राहिला नाही. "अहो, असं काय सांगताय! सगळा छापखाना तुमच्या जिवावर चालायचा. शाईच्या हातांनी जेवायला बसू नका, म्हणून मी ओरडून ओरडून थकायचे!"

मग रेडिओच बोलली, आणखी कोण? "अगंबाई! म्हणजे हे मॅडमचे मालक!"

सगळे हसले. वाईट मनाने कोणीच हसलं नाही, पण त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो उठला आणि बाहेर पडला.

ती मागोमाग धावली. तो फाटकापाशी पोचला होता.

"चुकलं हो माझं," ती म्हणाली.

"ते जाऊ दे गं." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "पण जे हातचं गेलं, ते चारचौघांत सांगायला लावतेस. कशाला? मला काय इथे पुस्तकं छापायचीत?"

गुरुवारी गायब होणारी ती सगळी माणसं तिला आठवली. त्यांनाही तिने, मोठ्या हौसेने, हेच विचारलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

"तुम्हाला जायचं तर जा. मी अडवणार नाही," ती म्हणाली. "पण मी आत चाललेय. तो तास बदलायचाय." आणि ती वळली. तिने मागे पाहिलं नाही.

आत येऊन तिने मशीनवरच्या जुन्या माणसांना हॉलमध्ये बोलावून उभं केलं. "नव्यांनी आज काही सांगायचं नाही. तुम्ही सांगा. तुम्ही कोण, कुठे भेटाल, कशाला मदत कराल."

रेडिओची बोलतीच बंद! "मी घड्या घालते," ती अडखळत म्हणाली. "काही अडलं तर माझ्या टेबलापाशी या. पहिल्या दिवशी मी चादरीत तोंड खुपसून रडले होते. कोणाला सांगू नका."

बॉयलरवाला म्हणाला, "वाफ सुटली तर आधी पळा. मला हाक नंतर मारा."

लोक हसत असतानाच दार करकरलं. तो आत आला आणि कडेच्या खुर्चीत बसला. तिने मोठ्या मुश्किलीने नजर दुसरीकडे ठेवली. शेवटी तिची पाळी आली.

"मी हा कार्यक्रम आखते. तुमचं काही चुकलं तर बेलाशक माझ्याकडे या."

कडेच्या खुर्चीतून हात वर झाला. "आणि मॅडम, तुमचं चुकलं तर?"

रेडिओला चहाचा ठसकाच लागला.

"तर तुम्ही मला सांगायचं," ती म्हणाली.

"आज नको," तो म्हणाला. "आज नवा आहे. उद्या सांगेन."

उद्या! तो उद्या येणार होता. तिने फळ्याकडे तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.