पाठीशी ऊन

पंचशीलाने अंजलीला दोन्ही खांद्यांना धरले, गर्रकन वळवले आणि सूर्याकडे पाठ करून उभे केले. मग कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला. दुपारचा पाऊण वाजला होता. आरोग्य उपकेंद्रामागचे फुटलेले कापसाचे शेत उन्हात असे लखलखत होते की नजर ठरत नव्हती.

बांधावर बसलेल्या मालनबाईंनी, अंजलीच्या आईने, कपाळावर आडवा हात धरला.

"आगं, एवढं ऊन पडलंय आन् बत्ती कावून लागती?"

"लागती, मावशी. बघा तर."

"तोंड उन्हाकडं कर की तिचं. जरा उजळ तर दिसंल."

उजळ. हा शब्द येणार हे पंचशीला धरूनच चालली होती. फक्त इतक्या लवकर येईल असे वाटले नव्हते. तेलगावच्या स्टँडसमोर तिचा स्टुडिओ होता आणि आपल्याला आपले काम येते याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. या मायलेकींपुढे मात्र तिची मान खाली जाई.

दोन वर्षांपूर्वी अंजलीचा स्थळासाठीचा फोटो तिनेच काढला होता. बायोडाट्याचा फोटो म्हटला की कॉम्प्युटरवर रंग थोडा खुलवायचाच, ही आसपासच्या झाडून सगळ्या स्टुडिओंची रीत. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. पंचशीलानेही न विचारता, अगदी मायेने, अंजलीला गोरे करून टाकले. गेवराईचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि मुलाच्या मामाने भरल्या घरात मोबाइल अंजलीच्या चेहऱ्याशेजारी धरून दोन्ही ताडून पाहिले. "फोटोतली हिची बहीन हाय का?" असे विचारून तो हसलाही. स्थळ तिथेच मोडले. तेव्हापासून पंचशीलाने कोणाचा रंग बदलला नव्हता. गिऱ्हाईक रुसून गेले, तरी नाही. पण या दोघींपाशी 'माझे चुकले' एवढे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघाले नव्हते.

आता परळीकडचे स्थळ आले होते. मध्यस्थ वनमालाबाईंना फोटो आजच्या आज हवा होता, आणि अंजलीला जेवणाची सुट्टी अर्ध्याच तासाची. कोवळी उन्हे आणि तिरपा उजेड असले लाड उपकेंद्रातल्या नर्सबाईला कुठले परवडायला?

"ताई, अ‍ॅप्रन काढू का?" अंजलीने विचारले.

"तुला वाटतं काढावा?"

अंजलीने खिशातले पेन सरळ केले.

"न्हाई. ऱ्हाऊ दे."

पहिला फोटो पंचशीलाने मुद्दाम फ्लॅशशिवाय काढला आणि मालनबाईंना नेऊन दाखवला. कापूस झकास, अ‍ॅप्रन पांढराफेक, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

"बघ, म्हनलं न्हवतं? उन्हाकडं कर."

"उन्हाकडं केली की डोळे मिचकावती, मावशी. नाकाची सावली ओठावर पडती. ऊन पाठीशीच बरं. म्होरून बत्तीचा इवलासा घास भरवायचा, बास."

ती बांधावरून परत आली. फ्लॅशचा जोर तिने बराच उतरवला. तो जास्त झाला की चेहऱ्याला पीठ फासल्यासारखे दिसते. दोन पावले मागे सरकली, एक पाऊल पुढे आली. भर उन्हात तो फ्लॅश चमकल्याचे मालनबाईंना कळलेही नाही.

पंचशीलाने पडद्यावर पाहिले आणि तिला मनापासून आनंद झाला. केसांच्या कडेने उन्हाची रेघ होती. चेहरा स्वच्छ होता, त्याच्या स्वतःच्या रंगाचा, सावळा आणि तुकतुकीत. डोळे पुरते उघडे होते.

कॅमेरा तिने मालनबाईंच्या हातात दिला, पण सोडला नाही.

"मावशी, आधी ऐका. मागच्या बारीला हिचा रंग मी बदलला. न इचारता. लई चुकलं माझं. पर ह्या बारीला तुमी कितीबी म्हनलात, तरी मी बदलनार न्हाई. पटला न्हाई तर फोटो घेऊ नका."

अंजली जवळ आली होती. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, आईकडे पाहत होती.

उन्हात पडद्यावरचे काही दिसेना, म्हणून मालनबाईंनी पदर पुढे ओढून कॅमेरा आत घेतला. बराच वेळ त्या पदराआड राहिल्या. उपकेंद्राच्या दाराशी कोणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली. अंजली हलली नाही.

मालनबाईंनी पदर मागे सारला.

"ही तर माझ्यावानी दिसती गं."

अंजली बापावर, बन्सी मास्तरांवर गेली, असे सगळे भावकी-पाहुणे म्हणत आले होते. तिच्या रंगावर बोलायची वेळ आली की तेवढे आईचे नाव निघे.

"मग कोनावानी दिसावं?" अंजली म्हणाली.

पंचशीलाकडून फोटो मोबाइलवर येईपर्यंत मालनबाई उभ्याच राहिल्या. आला तसा वनमालाबाईंना पाठवून दिला, आणि मोबाइल तोंडाजवळ धरून, शेतापल्याड ऐकू जाईल अशा आवाजात, निरोप बोलू लागल्या.

"वनमालाबाई, जयभीम. पोरीचा फोटो धाडलाय. ती हाय तशी हाय. आता तुमच्याकडल्या पोराचा धाडा. स्टुडिओतला नको, दुपारच्या उन्हातला पायजे."

"आई!" अंजलीने तोंडावर हात ठेवला.

मालनबाईंनी बटनावरचे बोट उचलले नाही. पंचशीलाकडे एकदा पाहिले आणि पुढचे शांतपणे बोलल्या.

"आन् तिकडं कोनाला जमत नसंल, तर सांगा. आमची पंचशीला यिऊन काढंल."