त्या वर्षी हनन्या मेलाच नाही

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. आजवर मी पुष्कळ मेलेल्या माणसांना गुंडाळलंय. घाबरू नका, ती सगळी माणसं नंतर उठून जेवायला बसली!

माझा जन्म पालमजवळच्या एका खेड्यातला. बिरूमामाच्या मेंढ्यांची लोकर, भिवरामामीनं काढलेलं सूत आणि वर चिंचोक्याची खळ. मी अंगाला टोचते खरी, पण थंडीला आत येऊ देत नाही. बिरूमामानं शेजारधर्म म्हणून मला पत्र्याच्या प्रार्थनाघराला देऊन टाकलं.

तिथं दरवर्षी कापणीच्या सणाला बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा यांचं नाटक होतं. या नवराबायकोनं देवाला द्यायला जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि 'सगळं आणलंय' असं येशूचा शिष्य पेत्र याला सांगितलं. देवाशी खोटं बोलले म्हणून आधी तो, मग ती, जागीच गतप्राण झाले. तरुणांनी त्यांना गुंडाळून बाहेर नेलं. ते गुंडाळायचं काम माझं. रामप्रसाद हनन्या व्हायचा, त्याची बायको रुपाली सप्पीरा. एकदा तर मेलेला रामप्रसाद माझ्याखाली जोरात शिंकला. मी इतकी खूश झाले होते!

दोन वर्षांपूर्वी या दोघांनी नवस बोलला होता, शेळी सुखरूप व्याली तर पहिलं वेत देवाला. वेत म्हणजे एका वेळी झालेली सगळी पिल्लं. ते पार्वतीबाईला द्यायचं ठरलं होतं. ती एकटीच राहायची आणि तिची एकुलती दुभती शेळी उन्हाळ्यात दगावली होती. शेळीला झाली दोन पिल्लं, एक बोकड आणि एक पाट, म्हणजे मादी पिल्लू. त्या गोजिरवाण्या पाटीवर रुपालीचा जीव जडला. दोघांनी ती बिरूमामाच्या मेंढ्यांच्या वाड्यात लपवली आणि सणाला बोकड तेवढा आणला.

"एकच झालं बघा," रामप्रसाद म्हणाला.

मला सणाआधी वाड्याच्या कुंपणावर उन्हात टाकलं होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं होतं. पण घोंगडीला कोण विचारतंय? पार्वतीबाई बोकडाला कुरवाळत म्हणाली, "देवानं दिलं ते ग्वाड." बोकड कधी दूध देतो का? मला फार वाईट वाटलं.

नाटक सुरू झालं. पेत्र झालेल्या पास्टरांनी विचारलं, "जमीन एवढ्यालाच विकली का?"

रामप्रसादची नजर माझ्यावर पडली. दरवर्षी हसत माझ्याखाली शिरणारा माणूस, त्याला दरदरून घाम फुटला.

"न्हाई पास्टर. दोन हायत."

"जमिनी?"

"पिल्लं! पाट बिरूमामाच्या वाड्यात लपिवलीय."

तेवढ्यात बाहेर थांबलेली रुपाली ठरल्याप्रमाणे आत आली. नवरा उभाच!

"आवो, तुमी अजून मेले न्हाईत व्हय?"

हशा पिकला. पास्टर मात्र हसले नाहीत. "रुपाली, पिलू एकच झालं का?"

तिनं पार्वतीबाईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "दोन. मीच म्हणलं, पाट ठिवू म्हणून."

पास्टरांचा चेहरा खुलला. "पोरांनो, घोंगडी उचला!"

"कुणाला न्यायचं?"

"न्यायचं न्हाई, आणायचं हाय!"

पोरं मला घेऊन पळत सुटली. येताना माझ्यातून पाटीचं डोकं बाहेर आलं होतं आणि ती बें बें करत होती. वाटेत तिनं मला भिजवलं, तरी मला राग आला नाही. पार्वतीबाईनं आम्हा दोघींना एकदमच मिठी मारली. रुपाली डोळे पुसत म्हणाली, "मावशी, तिला कानामागं खाजवलेलं लय आवडतंय."

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते. मनात लपवलेल्या गोष्टीचंही तसंच. तिचं भिजत घोंगडं ठेवू नका. ओली घोंगडी किती जड होते, ते मला ठाऊक आहे.

यंदा ती पाट व्याली. पार्वतीबाई सणाला दोन पिल्लं माझ्यातच गुंडाळून घेऊन आली. पास्टरांनी हसत विचारलं, "एवढीच का?"

"दाराशी त्यांची माय बांधलीय," पार्वतीबाई ठसक्यात म्हणाली, "ती तेवढी माजी हाय!"