विमलची वेणी

इंद्रायणीच्या हातावर पहिला डाग दिसला तेव्हा तिला वाटलं, चुना लागला असेल. चिखलीतल्या त्यांच्या घराच्या भिंती तिनं नुकत्याच रंगवल्या होत्या. तिनं पदरानं पुसलं, मग काथ्यानं घासलं. कातडी लालभडक झाली, डाग मात्र हलला नाही. वर्षभरात दोन्ही हातांची बोटं पांढरी पडली आणि ओठाच्या कडेलाही कोड उतरलं.

सासू सुभद्राबाई मनानं वाईट नव्हती. तिनं नवस बोलले, वैदूकडून बावचीचा लेप आणला, स्वतः सुनेच्या हातांना लावून तिला उन्हात बसवलं. हातांना टरारून फोड आले, गुण काही आला नाही. मग म्हातारी भ्याली. त्या भीतीपोटीच तिनं सुनेला चुलीपासून उठवलं, तिचं ताट वेगळं केलं आणि चार वर्षांच्या नातीला, विमलला, आपल्या अंथरुणात घेतलं. लेकीची सकाळची वेणी तेवढी इंद्रायणीच्या वाट्याला उरली होती, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघत होता.

एका सकाळी ती फणी घेऊन ओट्यावर बसली नि तिनं हाक मारली. विमल आली, पण हातभर लांब उभी राहिली.

"ये की गं."

"नगं. आजी म्हनली, तुजा हात लागला की मी बी पांढरी व्हनार."

इंद्रायणीनं हात झटकन पदराखाली घेतले, चोरी पकडली गेल्यासारखे. फणी ओट्यावरच ठेवून ती शेतात निघून गेली.

त्या दिवसापासून तिचे हात पदराबाहेर आले ते फक्त कामापुरते. हळदीकुंकवाला जाणं तिनं बंद केलं, नदीवर ती बायका उठून गेल्यावर जाऊ लागली. अर्धी भाकरी खायची, उरलेली कुत्र्याला टाकायची. नवरा ज्योतीराम पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर जायचा. बायकोपुढं डागांचा विषय काढायचा नाही, तिकडं बघायचंही नाही, म्हणजे तिला लागणार नाही, असं त्या साध्या माणसानं ठरवलं होतं. तिला वाटायचं, यांना माझी किळस येते.

पायात खिळा घुसला म्हणून ज्योतीराम पिंपरीच्या दवाखान्यात गेला. पट्टी बांधून होईपर्यंत त्यानं धीर गोळा केला आणि डॉक्टरांना बायकोचं सांगितलं.

"हा महारोग नव्हे. हात लावल्यानं कुणाला होत नाही," डॉक्टर म्हणाले. "डाग जातील याची खात्री देत नाही. पण ती जेवते का? झोपते का? बोलते का कुणाशी?"

ज्योतीरामला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आपण एका घरात राहतो आणि आपल्याला हेही ठाऊक नाही, या विचारानं तो घरी येईस्तोवर मान खाली घालून लंगडत चालला.

घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. "म्या काय केलं रं हे," सुभद्राबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनंच विमलला धरून आणलं आणि फणी सुनेच्या हातात दिली. "घाल बाई वेणी. माझं चुकलं."

विमल पुढ्यात बसली. इंद्रायणीनं हात उचलला. पोरीनं खांदे आवळून घेतले, डोळे मिटले. टोचून घ्यायला बसवल्यासारखी ती मुकाट वाट बघत होती. इंद्रायणीचा हात केसांवर टेकलाच नाही.

"तुमीच घाला आत्याबाई," ती म्हणाली आणि उठली.

दुपारी ज्योतीराम भुईमुगाच्या रानात तिच्यामागं गेला. ती खुरपत होती. तो बांधावर न बसता तिच्याशेजारी मातीतच बसला.

"डाक्टर म्हनला, काय व्हत न्हाई. मग हात का मागं घेतलास?"

ती खुरपत राहिली.

"तुला काय वाटतं ते म्या कवाच इचारलं न्हाई. आता इचारतो. सांग."

खुरपं थांबलं. "डाक्टरचं खरं आसंल," ती म्हणाली. "पर माजीच पोर मला भ्याली, ते कुटं पुसू? आता माजाच मला इस्वास न्हाई. माज्या हातात कायतरी घाण हाय असंच वाटतं. आन तुमी तर दोन वर्सं माज्याकडं बघितलं बी न्हाई."

"तुला लागंल म्हून गं."

"लागलंच की."

ज्योतीरामनं तिचा हात धरला. तिनं ओढून घेतला. त्यानं पुन्हा धरला तेव्हा तिला जोर उरला नव्हता. मग ती रडली, मोठ्यानं, माणूस गेल्यावर रडतात तशी. शेजारच्या रानातल्या बायका ताठ उभ्या राहून बघू लागल्या. तो तिला गप्प हो म्हणाला नाही.

डाग गेले नाहीत. ताट पुन्हा सगळ्यांबरोबर लागू लागलं, ती थोडंफार जेवूही लागली. ज्योतीराम आता रोज विचारायचा, आणि कधीकधी ती सांगायची. पण विमल आजीजवळच झोपत राहिली. ठेच लागली, ताप भरला, की तिच्या तोंडी आजीचंच नाव यायचं. इंद्रायणी पाणी आणून द्यायची आणि दाराशी उभी राहायची. विमल कधी तिला आत ये म्हणाली नाही, आणि तीही आपणहून कधी आत गेली नाही.