चपलांच्या स्टँडवरची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. वीतभर लांब, सागवानी, आतून जांभळ्या मखमलीची. मखमलीच्या खोबणींत चार लहान काचेचे प्याले, भाकरीची डबी आणि द्राक्षरसाची बाटली बसते. ज्या आजाऱ्यांना चर्चला येता येत नाही, त्यांच्याकडे पाळक माझ्यातून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून द्यायचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस, घेऊन जातात. १९८६ साली सिकंदराबादच्या एका सुताराने मला घडवलं.

मित्रांनो, पहिली कितीतरी वर्षं लोक माझी वाट पाहत. उशीजवळ धुतलेला रुमाल अंथरून ठेवत. मग कोणीतरी म्हणालं, "पेटी आली की माणूस जातं." अहो, मला नेतातच फार आजारी माणसाकडे! छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असं म्हणाल का?

पण मला खरा संताप आला तो यंदा, हैदराबादच्या काचीगुड्याला. तिथे तारामतीबाई आजारी होत्या. यकृताचा कर्करोग. थोडेच आठवडे उरलेत, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, प्रशांतला सांगितलं होतं. बाईंना मात्र सांगितलं, "गॅस झालाय." चौतीस वर्षं नर्स म्हणून काम केलेल्या बाईला!

पाळक नामदेवरावांना प्रशांतने दारातच अडवलं. "पास्टरगारू, प्रार्थना करा, पण पेटी नको. आई घाबरेल. आणि आपण ती बरी व्हावी म्हणून मागतोय ना? पेटी आत नेली तर आपला विश्वासच कमी पडला असं होईल."

नामदेवराव भिडस्त. त्यांनी मला चपलांच्या स्टँडवर ठेवलं. असे तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी सूनबाई अलका सासूला पोळी कुस्करून भरवत होती, दुसऱ्या रविवारी पेज, तिसऱ्या रविवारी चमच्याने पाणी. गिळणं बंद झालं तर माझा काय उपयोग? हे कोणाच्या लक्षातच येईना.

मी ज्या भोजनाची आठवण घेऊन फिरते, त्या भोजनात काय झालं होतं? आपण आता मरणार, हे येशूने सोबत जेवणाऱ्यांना तोंडावर सांगितलं आणि मग भाकर मोडली. तेच भोजन आज मरण लपवण्यासाठी दाराबाहेर ठेवायचं?

चौथ्या रविवारी आतून क्षीण आवाज आला. "नामदेवराव आलेत का? पाळक रिकाम्या हाताने येतात होय?"

"आई, पेटी कायकू? तू बरी होणार आहेस," प्रशांत म्हणाला.

"गॅसने डोळे पिवळे होतात का रे? किती जणांचे डोळे मी या हातांनी मिटलेत. तुला वाईट वाटू नये म्हणून महिनाभर नाटक केलं मी."

"पण विश्वास, आई..."

"कोणाकडे चाललेय ते ठाऊक आहे मला. तरी भीती वाटते रे. आणि भीती वाटते, एवढंसुद्धा या घरात कोणापाशी बोलायची सोय नाही."

अलका उठली, बाहेर आली आणि मला उचलून आत घेऊन गेली.

भाकरीचा तुकडा तारामतीबाईंना गिळवेना. नामदेवरावांनी कणभर भाकर रसात भिजवून जिभेवर ठेवली. ठसका लागला. ते थांबले. मग पुन्हा ठेवली. ती उतरली. दुसरा प्याला प्रशांतने घेतला, तेव्हा थोडा रस माझ्या मखमलीवर सांडला.

त्यानंतर चार दिवस प्रशांत रोज आईच्या उशाशी बसून विचारायचा, "आई, आज भीती वाटतेय?" ती कधी हो म्हणायची, कधी नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

मित्रांनो, जाणाऱ्या माणसासाठी प्रार्थना करा, औषध द्या, जमेल ते सगळं करा. पण खोटं बोलून त्याला एकटं पाडू नका. त्याला काय हवंय ते विचारा आणि वेळेवर विचारा. तारामतीबाईंच्या वाट्याला चार दिवस आले. एक अख्खा महिना येऊ शकला असता.